वाचकांचे प्रश्न : नाव वेटिंगला आहे, आता काय?

निकाल लागला, अर्ज भरला, यादी लागली आणि नाव निघालं ते प्रतीक्षायादीत. जूनपासून येणाऱ्या पत्रांत हाच विषय पुन्हा पुन्हा येतो आहे. मराठवाड्यातल्या घरांना ही अडचण जास्त जड जाते. कॉलेज लातूरचं, नांदेडचं की संभाजीनगरचं हे ठरल्याशिवाय खोली बघता येत नाही, मेस लावता येत नाही आणि पैशांची सोय किती करायची तेही कळत नाही. प्रवेशाच्या कामात रोज असणाऱ्या मंडळींनी निवडक पत्रांना उत्तरं दिली आहेत.

मुलीला बारावी सायन्सला ७४ टक्के आहेत. छत्रपती संभाजीनगरच्या एका अनुदानित कॉलेजात बीएस्सी प्रथम वर्षाला तिचा वेटिंग नंबर ४७ आहे. इकडे जिंतूरला प्रवेश मिळतोय, पण उद्यापर्यंत फी भरा म्हणतात. भरू की थांबू? संभाजीनगरला फोन केला तर 'लिस्ट बघत राहा' एवढंच सांगतात.
— एक पालक, ता. जिंतूर, जि. परभणी

जिंतूरची फी आजच भरा. एक जागा पक्की हातात असल्याशिवाय वेटिंगवर भरवसा ठेवायचा नाही. संभाजीनगरला नंबर लागला तर जिंतूरचा प्रवेश रद्द करता येतो आणि फीचा मोठा भाग परत मिळतो. त्याचा हिशेब पुढे भोकरदनच्या पत्रात दिला आहे.

आता ४७ या आकड्याविषयी. तो कोणत्या यादीतला आहे, ते आधी विचारा. समजा तुकडीत १२० जागा आहेत. राज्याच्या आरक्षणाप्रमाणे अनुसूचित जातीला १३ टक्के, अनुसूचित जमातीला ७, ओबीसीला १९, एसईबीसीला (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) १० आणि ईडब्ल्यूएसला (आर्थिक दुर्बल घटक) १० टक्के जागा असतात. भटक्या विमुक्तांचे वाटे वेगळे. म्हणजे १२० पैकी ओबीसीच्या साधारण २३ जागा झाल्या. सर्वसाधारण यादीत ४७ वी असलेली ओबीसी मुलगी ओबीसीच्या यादीत नववी असू शकते, आणि तिच्या कामाचा नंबर तो नववा. मुलगी खुल्या वर्गातली असेल तरी पुढचे ४६ जण सगळे तिच्या वाटेत नसतात. त्यांतले काही जण आपापल्या प्रवर्गातून प्रवेश घेतात आणि यादी तेवढी पुढे सरकते.

फोनवर हे कोणी सांगणार नाही, कारण यादीच्या दिवसांत ऑफिसातल्या क्लार्कपुढे रांग असते. एक फेरी स्वतः मारा, दुपारनंतर गर्दी ओसरल्यावर, आणि ऑफिसाऐवजी प्रवेश समितीच्या प्राध्यापकांना भेटा. त्यांना तीनच गोष्टी विचारा: माझ्या प्रवर्गात माझा नंबर कितवा, त्या प्रवर्गात आतापर्यंत किती जणांनी फी भरली, आणि गेल्या वर्षी या प्रवर्गात शेवटचा बोलावलेला वेटिंग नंबर कोणता होता. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांत कामाचं. गेल्या वर्षी खुल्या वर्गात ६० पर्यंत बोलावणं गेलं असेल तर ४७ ला चांगली आशा आहे. १५ वर थांबलं असेल तर जिंतूरच्या वर्गात मन लावून बसायला सांगा.

बीएस्सीची यादी रोज एक-एक नंबराने सरकत नाही, ती धक्क्याधक्क्याने सरकते. तिच्यात गणिताचा ग्रुप घेतलेली मुलं असतात, ती अभियांत्रिकीच्या कॅप राउंडचा (केंद्रीभूत प्रवेश फेरीचा) निकाल लागला की एकदम जातात. जीवशास्त्राची मुलं एमबीबीएस, बीएएमएस, फार्मसी, कृषी यांच्या फेऱ्या लागतील तशी जातात. त्यामुळे आठ दिवस यादी हलली नाही म्हणून आशा सोडू नका. कोणत्या फेरीचा निकाल कधी आहे ते बघा आणि त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत कॉलेजशी संपर्क ठेवा. फार्मसीच्या फेऱ्या बहुतेक वर्षी उशिरापर्यंत चालतात, म्हणून जीवशास्त्राच्या जागा उशिराही सुटतात.

नंबर येऊनही प्रवेश हुकण्याचं सगळ्यांत नेहमीचं कारण साधं आहे: बोलावणं पोचतच नाही. फॉर्म नेट कॅफेत भरलेला असतो आणि मोबाइल नंबर, ई-मेल कॅफेवाल्याचा टाकलेला असतो. कॉलेजचा मेसेज त्याच्या फोनवर जातो. मुदत बहुधा एक-दोन दिवसांची असते, ती संपली की पुढच्या नंबराला बोलावतात. फॉर्मची प्रिंट काढून आजच नंबर तपासा. चुकीचा असेल तर प्राचार्यांच्या नावे अर्ज द्या:

'विषय : बीएस्सी प्रथम वर्ष, प्रतीक्षायादीतील प्रवेशाबाबत. महोदय, माझा अर्ज क्र. ..., प्रवर्ग ..., प्रतीक्षायादी क्र. ... असा आहे. जागा रिक्त झाल्यास प्रवेश घेण्यास मी तयार असून सर्व मूळ कागदपत्रे माझ्याकडे आहेत. अर्जातील मोबाइल क्रमांक बदलून पुढील दोन क्रमांकांची नोंद घ्यावी : विद्यार्थिनी ..., पालक ... .'

दोन प्रती न्या. एक आवक विभागात द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेऊन ती घरी ठेवा. या अर्जाने नंबर वर चढत नाही, कोणी तसं सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण तुम्हाला न कळवता पुढच्याला प्रवेश दिला गेला तर दाद मागायला हीच पोच उपयोगी पडते.

राहिला टीसीचा प्रश्न. जिंतूरला प्रवेश घेताना मूळ टीसी बहुधा जमा करून घेतील; ती अडवून मात्र ठेवता येत नाही, तो नियमही भोकरदनच्या पत्रात आहे. ती देण्याआधी टीसीच्या आणि गुणपत्रिकेच्या चार-पाच झेरॉक्स काढून साक्षांकित करून ठेवा, मोबाइलवर स्वच्छ स्कॅनही ठेवा. संभाजीनगरचं बोलावणं आलं तर घाईने आधी जिंतूरचा प्रवेश रद्द करू नका. संभाजीनगरला झेरॉक्स दाखवा, 'मूळ टीसी अमुक दिवसांत जमा करतो' असं हमीपत्र द्या, फी भरून पावती घ्या. पावती हातात पडली की जिंतूरला जाऊन प्रवेश रद्द करा, टीसी आणा आणि रद्द केल्याचं लेखी पत्रही मागून घ्या. हे पत्र विसरू नका. जिंतूर नांदेडच्या विद्यापीठाकडे येतं आणि संभाजीनगर डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे. जुन्या विद्यापीठात नाव तसंच राहिलं तर नव्या ठिकाणी नोंदणीच्या वेळी अडचण येते.

मी बारावी लातूरला केली. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या कॅप राउंडमध्ये मला नवव्या पसंतीचं कॉलेज मिळालं. मित्र म्हणतात बेटरमेंट घे, घरचे म्हणतात फ्रीज कर. बेटरमेंट घेतलं तर हातचं जाईल का?
— एक विद्यार्थी, औसा, जि. लातूर

फ्रीज म्हणजे मिळालेली जागा कायम करणं, बेटरमेंट म्हणजे ती हातात ठेवून वरच्या पसंतीसाठी पुढची फेरी बघणं. बेटरमेंटने हातचं जाणार नाही, पण जागा स्वीकारण्याची पायरी तू पूर्ण केलीस तरच. लॉगिनमध्ये जाऊन कागदपत्रांची स्वतः पडताळणी करायची, जागा स्वीकारण्याचे १,००० रुपये ऑनलाइन भरायचे आणि मग बेटरमेंट निवडायचं. पुढच्या फेरीत वरची पसंती मिळाली नाही तर नववीच तुझ्याकडे राहते. मिळाली तर नववी आपोआप सुटते आणि ती नंतर मागून मिळत नाही. बरीच मुलं 'बेटरमेंट घ्यायचंय, मग पैसे कशाला भरायचे' म्हणून पायरी अर्धी सोडतात आणि हातची जागा घालवून बसतात.

२०२५-२६ ला चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली, दुसरीत पहिल्या तीनपैकी एखादी किंवा तिसरीत पहिल्या सहापैकी एखादी, तर जागा आपोआप फ्रीज होत होती. चौथ्या फेरीत मिळेल ती जागा अंतिम. तुझी नववी पसंती दुसऱ्या फेरीतली, म्हणजे या नियमाने तुला निवड करायला जागा आहे. यंदाच्या माहितीपुस्तिकेत हा नियम तसाच आहे का, एवढं पान उघडून बघ.

आता खरं काम. वरच्या आठ पसंत्यांपैकी कोणती मिळू शकते, ते गेल्या वर्षीच्या शेवटच्या फेरीच्या कटऑफवरून काढ. पहिल्या फेरीचा कटऑफ बघून मुलं उगाच घाबरतात. कटऑफच्या यादीत प्रत्येक प्रवर्गापुढे सांकेतिक अक्षरं असतात. सुरुवातीला 'जी' म्हणजे सर्वसाधारण, 'एल' म्हणजे मुलींसाठीची जागा. मध्ये प्रवर्ग. शेवटी 'एच' म्हणजे गृह विद्यापीठ, 'ओ' म्हणजे गृह विद्यापीठाबाहेरचे, 'एस' म्हणजे राज्यस्तर. खुल्या वर्गातल्या मुलाने 'जीओपनएच' बघायचं की 'जीओपनओ', हे तो बारावी कुठून झाला त्यावर ठरतं.

इथे लातूरला शिकायला आलेल्या मुलांची हमखास गल्लत होते. गाव बीड जिल्ह्यात असलं तरी बारावी लातूरच्या कॉलेजातून केली असेल तर गृह विद्यापीठ नांदेडचं, म्हणजे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. त्याच्याकडे नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली हे जिल्हे आहेत. बीड, जालना, धाराशिव आणि छत्रपती संभाजीनगर हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे. तेव्हा संभाजीनगरच्या खासगी कॉलेजासाठी तू 'ओ'चा आकडा बघायचा आणि लातूर-नांदेडच्या कॉलेजासाठी 'एच'चा. दोन्हींत बरंच अंतर असू शकतं. तुलना पर्सेंटाइलने कर. गुणवत्ता क्रमांक परीक्षेला बसणाऱ्यांच्या संख्येप्रमाणे दर वर्षी बदलतो.

पसंत्यांचा क्रम लावताना 'हे नक्की मिळेल' म्हणून एखादं कॉलेज वर टाकू नकोस. ते मिळालं की जागा फ्रीज होईल आणि खाली लिहिलेलं आवडीचं कॉलेज बघायलाही मिळणार नाही. क्रम नेहमी आवडीचा, शक्यतेचा विचार यादीच्या लांबीत करायचा. ३०० पर्यंत पसंत्या भरता येतात, त्यामुळे यादी आखडती घेण्याचं कारण नाही. घरची परिस्थिती बेताची असेल तर टीएफडब्ल्यूएसच्या जागांचे कोड वेगळे असतात, तेही टाक. त्या जागेवर शिक्षणशुल्क माफ असतं, कटऑफ मात्र थोडा चढा असतो.

एका खासगी अभियांत्रिकी कॉलेजात मुलीचं नाव वेटिंगला आहे. तिथला एक जण म्हणतो, एक लाख रोख द्या, मॅनेजमेंटमधून लगेच करून देतो, फी तर मुलींना माफच आहे. खरं आहे का?
— एक आई, केज, जि. बीड

रोख एक रुपयाही देऊ नका. विनाअनुदानित संस्थेला संस्थास्तरावर २० टक्क्यांपर्यंत जागा भरता येतात हे खरं आहे. पण त्यासाठीही जाहिरात, अर्ज आणि गुणवत्ता यादी लागते आणि फी शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवलेलीच असते. त्यावरचा पैसा म्हणजे कॅपिटेशन फी. ती घेण्याला महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने बंदी आहे आणि खासगी व्यावसायिक संस्थांचे प्रवेश व शुल्क २०१५ च्या कायद्याखाली येतात. तक्रार प्रवेश नियामक प्राधिकरणाकडे करता येते. पावती नसलेल्या पैशाची तक्रार मात्र सिद्ध करता येत नाही, ही गोष्ट त्या माणसाला पक्की ठाऊक असते.

फीमाफीचं त्याने अर्धवट सांगितलं. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क पूर्ण माफ आहे. त्यासाठी प्रवेश कॅपमधून झालेला हवा. मॅनेजमेंटच्या जागेवर ही सवलत नाही, राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीही नाही. म्हणजे लाखभर देऊन चार वर्षांची पूर्ण फी स्वतःच्या डोक्यावर घेण्यासारखं आहे. त्यापेक्षा शेवटच्या कॅप फेरीत दुसऱ्या पसंतीची शाखा घेणं मुलीच्या हिताचं. कॅप संपल्यावर उरलेल्या जागांची संस्थास्तरावरची फेरी निघाली तर अर्ज जरूर करा, पण 'या जागेवर महाडीबीटीची (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलची) सवलत लागू आहे का' हे फी भरण्याआधी कॉलेजकडून लेखी घ्या.

नंबर लागला पण जात पडताळणी नाही. पावतीवर प्रवेश होतो का? कुणबी दाखला याच वर्षी निघाला आहे.
— एक विद्यार्थी, हदगाव, जि. नांदेड

पडताळणीसाठी अर्ज केल्याची पावती असेल तर प्रवेशाच्या वेळी ती चालते, पण तो प्रवेश तात्पुरता असतो. दिलेल्या तारखेपर्यंत मूळ प्रमाणपत्र दिलं नाही तर प्रवर्गाची जागा जाते आणि तुझा विचार खुल्या वर्गातून होतो. म्हणून पावती मिळाली की काम झालं असं समजू नकोस.

विद्यार्थ्यांसाठीचा अर्ज नमुना १६ चा, सोबत नमुना ३ आणि नमुना १७ ची शपथपत्रं. जातीचा दाखला, स्वतःची, वडिलांची आणि आजोबांची शाळेची नोंद, वंशावळ, आणि घराण्यात कोणाची पडताळणी झालेली असेल तर तिची प्रत. निजामकालीन नोंदी मराठवाड्यात मोडीत आणि उर्दूत सापडतात. त्यांचं लिप्यंतर अधिकृत जाणकाराकडून करून घेतलेलं असावं, कारण समितीपुढे फाइल अडते ती बहुधा नाव-आडनावाच्या फरकावर. आजोबा एका कागदावर 'किसन' आणि दुसऱ्यावर 'कृष्णा' असतील तर दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं शपथपत्र आधीच जोड. त्रुटीचं पत्र यायची वाट बघितलीस तर महिना जातो.

नॉन-क्रीमी लेयर दाखल्यावरची तारीख बघ. तो पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत वैध लागतो. मागच्या वर्षी काढलेला दाखला फाइलमध्ये आहे म्हणून मुलं निश्चिंत असतात आणि बोलावणं आल्यावर तहसीलला धावतात. केंद्राच्या संस्थांसाठी, म्हणजे एनआयटी वगैरेंसाठी, ओबीसी आणि ईडब्ल्यूएसचा केंद्राच्या नमुन्यातला वेगळा दाखला लागतो. तिथल्या ईडब्ल्यूएसला पाच एकर शेतीची अट आहे. पाच एकर किंवा जास्त जमीन नावावर असलेल्या कुटुंबाला तो मिळत नाही.

मुलाला नीटच्या पहिल्या राज्य फेरीत एमबीबीएस मिळालं नाही. मागे एवढ्याच गुणांवर ओळखीच्या मुलाला मिळालं होतं. थांबावं का?
— एक पालक, कळमनुरी, जि. हिंगोली

गुणांची तुलना सोडा, अखिल भारतीय क्रमांकाची करा. २०२४ ला ७२० पैकी ७२० गुणांचे एकाहून अधिक विद्यार्थी होते, २०२५ ला देशात पहिल्याचे गुण ६८६ होते. त्याच गुणांना या दोन वर्षांत पार वेगळा क्रमांक होता. २०२० पूर्वीचे कटऑफ तर बघूच नका. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये राज्याने ७०:३० चा प्रादेशिक कोटा, म्हणजे ७० टक्के जागा त्याच विभागातल्या मुलांना देण्याचा नियम, रद्द केला, आणि त्यानंतर धाराशिव, परभणी, जालना, हिंगोलीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयंही सुरू झाली.

पहिल्या फेरीनंतर यादी खाली सरकते, कारण वरची काही मुलं अखिल भारतीय १५ टक्के कोट्यातून बाहेर जातात. तेव्हा दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीला थांबा. तोवर बीएएमएस, बीएचएमएसच्या वेगळ्या प्रक्रियेत नाव आणि पसंत्या भरून ठेवा. 'एमबीबीएसच हवं' म्हणून तिकडचा अर्जच न भरलेली मुलं ऑक्टोबरात दोन्हीकडून रिकामी राहतात. एक जपा: मिळालेल्या जागेवर स्टेटस रिटेन्शनचा, म्हणजे 'हीच जागा कायम ठेवतो' असा, फॉर्म भरला की पुढच्या फेऱ्यांतून नाव निघतं. कॉलेजात प्रवेशाच्या दिवशी कागदांच्या गठ्ठ्यात तोही पुढे येतो. वाचल्याशिवाय सही करू नका.

अकरावीला लातूरच्या कॉलेजात इनहाउस कोट्यात वेटिंग आहे, नियमित फेरीत दुसरं कॉलेज पहिल्या पसंतीला लागलं. सोडू का?
— एक विद्यार्थिनी, निलंगा

इनहाउस कोटा म्हणजे त्याच संस्थेच्या शाळेतल्या मुलांसाठीच्या जागा. त्या वेटिंगसाठी नियमित फेरीतली जागा सोडू नकोस. २०२५-२६ पासून राज्यभर अकरावी ऑनलाइन आहे, दहा पसंत्या देता येतात, आणि पहिली पसंती मिळूनही प्रवेश घेतला नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर राहावं लागतं.

बीसीएसाठी एका विद्यापीठात ४०,००० रुपये भरले. आता वेटिंगमधून दुसरीकडे नंबर लागला. पहिलं कॉलेज म्हणतं, 'फी परत मिळत नाही, मूळ कागदपत्रंही वर्षाखेरीस.' काय करू?
— एक विद्यार्थी, भोकरदन, जि. जालना

दोन्ही गोष्टी नियमाला धरून नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे कोणत्याही महाविद्यालयाला किंवा विद्यापीठाला मूळ गुणपत्रिका, टीसी अडवून ठेवता येत नाही. मूळ कागद बघायचे, पडताळायचे, परत द्यायचे आणि साक्षांकित प्रती ठेवायच्या, एवढाच त्यांना अधिकार आहे.

फीचा हिशेब प्रवेशाच्या जाहीर केलेल्या अंतिम तारखेवर चालतो. त्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी रद्द केलंस तर पूर्ण फी परत, त्यातून फीच्या जास्तीत जास्त ५ टक्के आणि तेही ५,००० रुपयांच्या आतच कापता येतात. तुझ्या ४०,००० तून कपात २,००० पेक्षा जास्त होऊ शकत नाही. १५ पेक्षा कमी दिवस उरले असतील तर ९० टक्के, म्हणजे ३६,०००. अंतिम तारीख उलटून १५ दिवसांच्या आत ८० टक्के, म्हणजे ३२,०००. सोळाव्या ते तिसाव्या दिवसापर्यंत निम्मी, २०,०००. तीस दिवसांनंतर काही नाही. अनामत रक्कम यात धरलेली नाही, ती पूर्ण परत मिळते. आयोग काही वर्षी याहून सवलतीचं परिपत्रक काढतो. २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण परतावा आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त १,००० रुपये कपात, असं होतं. यंदाचं परिपत्रक आयोगाच्या संकेतस्थळावर बघून त्याची प्रिंट अर्जाला जोड. अभियांत्रिकीसारख्या सीईटी कक्षाच्या प्रवेशांना त्यांचा वेगळा नियम आहे: अंतिम तारखेच्या आत रद्द केलं तर १,००० रुपये कापून बाकी परत, नंतर फक्त अनामत.

कोणता टप्पा लागू होतो ते लेखी अर्ज पोचल्याच्या तारखेवरून ठरतं. तोंडी 'मी येणार नाही' सांगून गावी परतलास आणि अर्ज पंधरा दिवसांनी दिलास तर निम्म्याचा टप्पा लागू शकतो. म्हणून आजच अर्ज दे, ज्याने फी भरली त्याचं बँक खातं, आयएफएससी आणि फीच्या पावतीची प्रत जोड, आवक शिक्का घे. घेत नसतील तर त्याच मजकुराचा ई-मेल कर आणि स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठव. उत्तर आलं नाही तर विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि त्यानंतर विद्यापीठाचे लोकपाल. २०२३ च्या विनियमांप्रमाणे दोन्ही असणं बंधनकारक आहे. आयोगाच्या ई-समाधान पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. तक्रारीत भावना कमी आणि तारखा जास्त लिही: फी कधी भरली, अंतिम तारीख कोणती होती, रद्दचा अर्ज कधी दिला, आवक क्रमांक काय.

सगळीकडे वेटिंग संपलं, कुठेच नंबर नाही. वर्ष वाया जाईल का?
— एक विद्यार्थिनी, भूम, जि. धाराशिव

आधी जवळच्या अनुदानित कॉलेजांत 'जागा शिल्लक आहेत का' ते विचार. बीए, बीकॉम आणि तालुक्याच्या बीएस्सीच्या बऱ्याच तुकड्या भरलेल्या नसतात आणि विद्यापीठ विलंब शुल्कासह प्रवेशाची मुदत वाढवत असतं. बारावी सायन्स झाली असेल तर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाचा पर्याय आहे. तिथून पदविका घेऊन पुढे अभियांत्रिकीच्याही थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. मुलीला बाहेरगावी ठेवणं घरी जमत नसेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे आणि तिच्या अभ्यासकेंद्रांपैकी एखादं तुझ्या जवळपास असेल.

गॅप घ्यायचा तो एकाच परिस्थितीत: नीट किंवा सीईटीत थोडक्यात हुकलं आहे, चूक कुठल्या विषयात झाली ते नेमकं कळलं आहे आणि वर्षभराचा खर्च घरी आधीच ठरला आहे. गॅप घेतलास तर पुढच्या वर्षी प्रवेशाच्या वेळी गॅपचं शपथपत्र लागेल. आणि या वर्षी काढलेल्या उत्पन्नाच्या, नॉन-क्रीमी लेयरच्या दाखल्यांची मुदत बघ, पुढच्या प्रवेशापर्यंत ती पुरत नसेल तर ते एप्रिलमध्येच नव्याने काढ.